उजवीकडचं लाल बटण

मी लेथ बोलतेय. लाकूड कातणारी. जवळ या, पण आधी बाह्या कोपरापर्यंत सारा आणि गळ्यात काही लोंबत असेल तर काढून ठेवा. कौतुक नंतर करा.

कारखान्यातून येणाऱ्या लेथसारखी मी दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. माझं अंग ठिगळाचं आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका लेकीनं मला आपल्या आईसाठी जोडलं. लेक लिफ्ट दुरुस्त करते. त्यामुळे माझा पाया म्हणजे मोडीत निघालेल्या लिफ्टचे रूळ. फिरवणारी मोटर कुणाच्या तरी घरात कपडे वाळत घालायच्या कामी आलेल्या ट्रेडमिलची. बारक्या मोटरी जुन्या झेरॉक्स मशीनच्या. आणि कॉम्प्युटर असा, की चालू करताना त्याला बाजूनं एक चापट मारावी लागते.

माझं काम सोपं आहे. लाकडाचा ठोकळा दोन्ही टोकांना पकडायचा आणि गरगर फिरवायचा. धारदार हत्यार त्याला टेकलं की तो गोल होत जातो. साध्या लेथवर ते हत्यार माणसाच्या हातात असतं. माझ्यात ते एका गाड्यावर घट्ट बसवलंय आणि गाडा कॉम्प्युटरच्या हुकमानं सरकतो. हुकूम सुटला की सुटला. समोर लाकूड आहे की माणूस, हे मला कळत नाही असं लोक म्हणतात. कळतं. थांबता येत नाही, एवढंच.

आता आईबद्दल. तिला सगळे कातारीणबाई म्हणतात. खुर्च्यांचे पाय, कठड्याचे खांब, कपाटाच्या मुठी, सगळं तिनं उभ्या आयुष्यात या शेडमध्ये कातलं. मग एकदा ओल्या जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. हाड सांधलं ते वाकडं, आणि आतली नस दबली. बोटं मिटेनाशी झाली. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधून दिला आणि म्हणाले, जड हत्यार आता विसरा.

विसरते कसली! रोज सकाळी शेडमध्ये यायची, स्टुलावर बसायची आणि आपल्या जुन्या लेथकडे बघत राहायची. लेकीला ते बघवेना. ती तरी काय करणार? तिला जे येत होतं ते तिनं केलं. आई मावशीकडे चार दिवस राहायला गेली तशी लेकीनं पाने काढले आणि जुनी लेथ खोलली. तिचं डोकं, म्हणजे लाकूड फिरवणारा जड लोखंडी भाग, काढून माझ्यात बसवला. विचारलं नाही. विचारलं असतं तर आई नाही म्हणाली असती, हे तिला माहीत होतं.

आई परत आली. शेडच्या दारात उभी राहिली.

“माझी लेथ कुठाय?”

“ही काय. हिच्यात आहे, आई. तेच डोकं, तेच बेअरिंग.”

“हिच्यात?” आई म्हणाली. “मांजरानं उंदीर खाल्ला तर उंदीर मांजरात आहे असं म्हणायचं का?”

लेक हसली. आई हसली नाही. तिनं कोपऱ्यातलं जुनं घोंगडं उचललं, माझ्या अंगावर टाकलं आणि घरात गेली. त्या घोंगड्याखाली मी किती दिवस काढले कुणास ठाऊक. पाली फिरायच्या माझ्यावर. लेक येऊन तेल देऊन जायची, तेही चोरून, जशी काही मी तिची नको असलेली सोयरीक.

मला बाहेर काढलं ते मास्तरांनी.

आमच्याच वस्तीत अंध मुलांची शाळा आहे. मास्तर तिथे शिकवतात, स्वतःही जन्मापासून अंध. काठी टेकत ते शेडच्या दारात आले आणि पिशवीतून लाकडाचा एक गोळा काढून त्यांनी आईपुढं धरला.

“ओळखलंत का बाई?”

आईनं डाव्या हातानं तो घेतला. ओळखणारच. शाळेच्या जिन्याच्या खांबांवरचे गोळे तरुणपणी तिनंच कातले होते. पहिल्या मजल्याच्या गोळ्याला एक कंगोरा, दुसऱ्याच्याला दोन, तिसऱ्याच्याला तीन. मूल वर चढत आलं, वळणावर हात ठेवला की त्याला कळायचं आपण कुठं आहोत. तिसऱ्या मजल्यावर हे कळणं फार गरजेचं, कारण त्याच्यावर सरळ गच्ची आणि गच्चीचा कठडा ठेंगणा.

“वाळवी लागली,” मास्तर म्हणाले. “हा एक वाचला. बाकी सगळे भुसा झाले. कंत्राटदार प्लॅस्टिकचे बसवतो म्हणतोय, गुळगुळीत. मी म्हटलं, थांब, आमच्या बाई आहेत. सुट्टी संपायच्या आत होतील ना?”

आईनं पट्टा बांधलेला हात पाठीमागे नेला. अहो, कुणापासून लपवत होती? त्या माणसाला दिसत नव्हतं. तरी लपवला.

“होतील,” ती म्हणाली.

मास्तर गेले. लेक दारातच उभी होती, सगळं ऐकून. मग आईनं स्वतः येऊन माझ्यावरचं घोंगडं ओढलं. “चालव तुझं हे,” म्हणाली. शब्द देऊन बसली होती, आणि शब्द पाळायला तिच्याकडे माझ्याशिवाय काही नव्हतं.

लेकीनं जुना गोळा मोजला, कॉम्प्युटरवर आकार काढला, मला हुकूम लिहून दिले. ठोकळा चढवला. मी कातला. खोटं कशाला बोलू, मला माझा अभिमान वाटला. माप केसाइतकंही चुकलं नव्हतं. लेक नाचायचीच बाकी होती.

मास्तर आले आणि त्यांनी तो नमुना हातात घेतला. अंगठा कंगोऱ्यांवरून फिरवला. पुन्हा फिरवला.

“हा तुमचा हात नाही, बाई.”

“यंत्राचा आहे,” आई म्हणाली.

“तरीच. धार लागतेय कडेला. आमची पोरं धावत येऊन पकडतात हो, कापेल. तुम्ही स्वतः करा ना. पूर्वीसारखे.”

“बरं,” आई म्हणाली. एवढंच.

मास्तरांची काठी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तिनं धीर धरला. मग लेकीकडे वळली.

“ऐकलंस? म्हटलं नव्हतं मी? टीनपाट! लाकूड कुठं ओरखडलं जातंय ते हिला कळतं का? रंग लावलेल्या भंगाराला माझ्या जागी बसवायला निघालीस!”

“मग कर ना तू!” लेक ओरडली. “कर हातानं! आहे का हात?”

लेकीनं तोंडावर हात ठेवला, पण शब्द सुटला तो सुटला. आई झाडू घेऊन ढलप्या गोळा करायला लागली, डाव्या हातानं, वाकडंतिकडं.

त्या दिवसापासून अबोला. एका घरात राहून, एका शेडमध्ये काम करून अबोला! बोलायचं असलं की दोघी मला सांगायच्या. आई म्हणायची, “ए लेथ, तुझ्या मालकिणीला सांग, दूध संपलंय.” लेक म्हणायची, “ए लेथ, सांग, आणलंय.” मला काय, मी टपाल पोचवत होते. पण त्यात एक टपाल राहिलं, आणि त्यानं घात होता होता राहिला.

धार घालवायची म्हणून लेकीनं हुकूम बदलले. आधी एक जाड कात, म्हणजे हत्याराची खोल फेरी, मग कडा मारून त्या बोथट करणारा दुसरा हलका कात. पण गाडा ओढणाऱ्या झेरॉक्स मशीनच्या त्या मोटरी लागोपाठ काम केलं की तापतात, म्हणून दोन कातांच्या मध्ये तिनं थोडी विश्रांती लिहून ठेवली. गाड्यानं उजव्या टोकाला जाऊन उभं राहायचं, लाकूड फिरत ठेवायचं, मोटरी निवल्या की पुन्हा यायचं. तिचा अजून माझ्यावर पुरता भरवसा नव्हता, म्हणून फिरण्याची गतीही कमीच ठेवली होती.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं आजवर बघितलं होतं ते असं, की गाडा उजव्या टोकाला गेला म्हणजे काम संपलं. आणि सांगणार कोण? बोलणं कुठं होतं?

दुपारची वेळ. मी कातायला लागले होते. लेकीचा फोन वाजला. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत माणूस होता. शेडमध्ये माझ्या आवाजात ऐकू येईना म्हणून ती फोन कानाला लावून अंगणात गेली.

आई स्टुलावर बसून बघत होती. माझा गाडा उजवीकडे गेला आणि थांबला. आई उठली.

मला ती उठलेली दिसली. मी थांबले नव्हते, मी दम खात होते.

कातारी लोकांची एक खोड असते. लाकूड कातून झालं की ते फिरत असतानाच त्यावर तळवा ठेवून बघायचं. डोळे मिटून. खडबड, धार, फुगवटा, सगळं तळव्याला कळतं, डोळ्यांना कळत नाही. आईनं आयुष्यभर हेच केलं होतं. तिनं डावा तळवा ठेवला. आणि डावा हात सरावाचा नाही म्हणून आधाराला उजवं मनगट पुढं घेतलं, पट्टा बांधलेलं.

पट्ट्याचं एक टोक सैल होतं. ते लाकडाच्या न कातलेल्या कोपऱ्यात अडकलं.

एक वेढा बसला. आईनं डोळे उघडले. दुसरा वेढा. मनगट लाकडाकडे ओढलं जायला लागलं. गती मंद होती म्हणून हाडाचा तुकडा पडला नाही, पण ओढ थांबत नव्हती. तिनं डाव्या हातानं उजवा दंड धरला आणि सगळं बळ लावून मागे खेचला. पाय जमिनीत रोवले. तिचा श्वास माझ्या पत्र्यावर आपटत होता.

“पोरी!” ती ओरडली. “अगं ए!”

अंगणातून लेकीचा आवाज येत होता. शांत, समजुतीचा. “घाबरू नका काका. कशालाही हात लावू नका. मी सांगते तसं करा.”

मोटरी निवल्या. माझा गाडा हलला.

तो हळू येतो. घाईनं आला असता तर बरं झालं असतं, असं म्हणवत नाही. पण ते हळू येणं बघायला नको. हत्याराचं टोक उजवीकडून डावीकडे, तिच्या मनगटाकडे, सुतासुतानं. मी आतून ओरडत होते. माझं ओरडणं म्हणजे मोटरीची गुणगुण, ती कुणाला कळणार?

लाल बटण होतं ना. लेकीनं बसवलं होतं, मोठं, टपोरं. कुठं? उजवीकडच्या पेटीवर. आईच्या उजव्या हाताला. उजवा हात तर लाकडात अडकलेला, आणि सुटा असता तरी त्या बोटांनी बटण दाबलं गेलं नसतं. डावा हात सोडावा तर मनगट आत जाणार. आईनं बटणाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि एक शिवी दिली, जी मी इथं सांगणार नाही. मग वाकली तशी आणखी वाकली, कंबर वळवली आणि कपाळ धाडकन त्या बटणावर आपटलं.

मी थांबले. जन्मात इतक्या आनंदानं मी कधी थांबले नव्हते.

आवाज बंद झाला तशी लेक धावत आली. फोन अंगणात तसाच पडला, त्यातला माणूस “मॅडम, मॅडम” करत राहिला. तिनं मुख्य बटण बंद केलं, कात्रीनं पट्टा कापला, आईला स्टुलावर बसवलं. मनगटाची साल निघाली होती. कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं. हत्याराचं टोक आणि तिचा हात यांत फार तर दोन बोटं जागा राहिली असेल.

लेकीनं पाना उचलला.

“आत्ता खोलते. एक तुकडा ठेवत नाही. भंगारात घालते हिला.”

“आधी पाणी दे,” आई म्हणाली.

अबोल्यानंतर लेकीच्या कानी पडलेला आईचा तो पहिला शब्द. लेकीनं पाणी आणलं. आई प्यायली. भांडं खाली ठेवलं.

“अडकलेल्या माणसाला आधी सोडव. तो बघ केव्हाचा ओरडतोय.”

लेकीनं अंगणात जाऊन, रडक्या आवाजातच, त्या काकांना कसं सुटायचं ते सांगितलं. परत आली तर आई पेटीकडे बघत बसलेली.

“ते बटण कुठं बसवलंस?”

“तुझ्या उजव्या हाताला. तुला सोपं पडावं म्हणून मुद्दाम...”

“कुठल्या उजव्या हाताला?”

लेकीनं पेटीकडे बघितलं, मग आईच्या हाताकडे.

“सांग ना. कुठल्या? हँडल उजवीकडे, दिवा उजवीकडे, हत्याराची पेटी उजवीकडे. सगळं तुझ्या त्या जुन्या आईसाठी केलंस. ती आता नाही येत इथं. इथं मी येते.” आईनं पट्टा कापलेला हात तिच्यापुढं धरला. बोटं तशीच उघडी. “हा हात गेलाय, बाळ. मी रडून घेतलंय एकटीनं, मोरीत नळ सोडून. तू अजून रडली नाहीस. रड. आणि मग ते बटण काढ तिथून.”

लेक रडली. कशी रडली! माझ्या रुळावर डोकं ठेवून. मी लोखंडाची, मला काय करता येणार? मी तिच्या कपाळाला गार लागत राहिले. आई तिच्या पाठीवरून डावा हात फिरवत होती आणि म्हणत होती, “मी पण कमी नाही गं. फिरत्या लाकडाला हात लावायच्या आधी विचारायला माझी जीभ झिजत होती का?”

मला भंगारात घातलं नाही. पण जशी होते तशी ठेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीनं हातात खडू घेतला. “आई, डोळे मीट. आता समज काहीतरी बिनसलंय, मला थांबवायचंय. हात टाक.” आईचा हात जिथं आपटला तिथं खडूची खूण. “दिवा हवाय. हात टाक.” खूण. अशा खुणा माझ्या अंगभर झाल्या आणि एकही उजवीकडे नव्हती. लेक खूण करायची आणि प्रत्येक खुणेला तिचा चेहरा थोडा बदलायचा. डावीकडे बटण आलं. आणि खाली पायाशी एक पेडल आलं. पाय दाबून धरला तरच लाकूड फिरतं आणि पाय उचलला की सगळं ठप्प. आणि आईनं हत्यार हातात घेतलं की लेक गाड्याला कुलूप घालते, तो जागचा हलत नाही.

काम असं वाटून घेतलं. जाड कात माझा, तेव्हा पेडलवर पाय लेकीचा. मग आई बसणार, पाय दाबणार आणि डाव्या हातानं कडा मारणार. पहिल्या दिवशी तिनं इतके गोळे बिघडवले की लेकीनं ते मोजायचं सोडून दिलं. पटाशी सटकायची, कंगोरा तुटायचा. आई शिव्या घालायची, कधी हाताला, कधी लाकडाला, बहुतेक वेळा मला. “ए टीनपाटे, नीट धर!” आणि सुट्टी संपत आलेली. लेक एकदा म्हणाली, “आई, मास्तरांना सांगून टाकूया का?” आईनं मान वर न करता सांगितलं, “सांगणार आहे. पण गोळे हातात देऊन सांगणार.”

मास्तर आले तेव्हा तीन गोळे फडक्यावर मांडलेले होते. त्यांनी तिसऱ्या मजल्याचा उचलला. अंगठा फिरवला. चेहऱ्यावर काही दिसेना. माझी मोटर बंद होती, नाहीतर ती थरथरली असती.

“पूर्वीचा नाही हा,” मास्तर म्हणाले.

लेकीनं डोळे मिटले.

“नाहीच,” आई म्हणाली. “पूर्वीची मीही नाही. माझा उजवा हात गेलाय, मास्तर. तुम्ही आलात तेव्हाच गेलेला होता. मी बोलले नाही.”

मास्तरांनी गोळा खाली ठेवला आणि रिकामा हात पुढं केला. “बघू.”

आईनं आपला उजवा हात त्यांच्या हातात दिला. ज्याला दिसत नव्हतं त्याच्यापासून लपवलेला तो हात त्यानं नीट पाहिला. मनगटाचं वाकडं हाड, ताठ बोटं, सालपटलेली कातडी. एकेक बोट.

“मग हे कुणी केलं?”

“डाव्यानं. आणि माझ्या लेकीनं. आणि,” तिनं माझ्याकडे हनुवटी केली, ते त्यांना दिसणार नव्हतं, “त्या ठिगळाच्या बयेनं.”

मास्तरांनी पुन्हा गोळा घेतला. यावेळी अंगठा नाही, पूर्ण पंजा ठेवला, जसं धावत आलेलं पोर ठेवील तसा. एक, दोन, तीन कंगोरे.

“मजला कळतोय,” ते म्हणाले. “हात कापत नाही. मला आणखी काय हवंय? लागा कामाला बाई, शाळा उघडेल.”

ते गेल्यावर आईनं तिन्ही गोळे फडक्यात गुंडाळून ठेवले. मग लेकीला म्हणाली, “बघतेस काय? ठोकळा चढव.”

आता मी इथंच आहे. माझ्यावर घोंगडं नसतं, ढलप्या असतात. दोघींची भांडणं होतात, रोज होतात, पण आता तोंडानं होतात, माझ्यामार्फत नाही. आईच्या कपाळावरचं टेंगूळ गेलं. मला मात्र त्या जागेवर, जिथं बटण होतं तिथं, एक भोक राहिलंय. लेक ते बुजवत नाही.

माझ्यासारखं काही घरी बनवायला निघाला असाल तर माझं एक ऐका. मोटर कुठलीही घ्या, रूळ कुठलेही चालतात. पण ज्याच्यासाठी बनवताय त्याला आधी समोर बसवा, डोळे मिटायला सांगा आणि हात टाकायला सांगा. हात जाईल तिथं बटण बसवा. तुमच्या मनात तो जिथं जातो तिथं नाही.

बस, झालं. आईनं पेडलवर पाय ठेवलाय. लाकूड फिरायला लागलं. आता बोलायला फुरसत नाही, आणि तुम्हीही मागे सरा.